दोन अंमल : नशाबंदीच्या इतिहासातील धारवाड

मराठी भाषेत ‘अंमल’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. राज्य चालते तोही अंमल आणि अफू, गांजा किंवा दारू अंगात भिनते तोही अंमल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कृती, कार्य एवढाच. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दफ्तरांत आला, तेथे ‘अंमलदार’ आणि ‘अंमलबजावणी’ ही त्याची सरकारी संतती वाढली, आणि त्याच खोडाला ‘अंमली पदार्थ’ ही दुसरी फांदीही फुटली. शब्दांची अशी नाती पुष्कळदा योगायोगाची असतात. परंतु धारवाड जिल्ह्याच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले, म्हणजे या एका शब्दात राज्यसत्ता आणि नशा यांची गाठ भाषेने उगाच मारलेली नाही, असे वाटू लागते. या जिल्ह्यात कधी सरकारने दारूचे दुकान राखण्यासाठी पोलीस उभे केले, तर कधी दारू पिणाऱ्याला पकडण्यासाठी. दोन्ही वेळी अंमलदाराच्या हाती कायद्याचेच पुस्तक होते.

या इतिहासातील सर्वांत ठळक दिवस म्हणजे १ जुलै १९२१. असहकाराची आणि खिलाफतीची चळवळ त्या वर्षी ऐन भरात होती. महात्मा गांधी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात या भागात येऊन गेले होते, आणि दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग करणे हा चळवळीच्या कार्यक्रमाचा एक मुख्य भाग झाला होता. धारवाडात हे काम खिलाफतीच्या स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. दुकानाच्या दारापुढे उभे राहावे, आत जाणाऱ्याला हात जोडून परत फिरवावे, एवढेच त्याचे स्वरूप. त्या दिवशी दुकानापुढे जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसे मृत्युमुखी पडली. जमाव हिंसक झाल्यामुळे गोळीबार करणे भाग पडले, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. लोकपक्षाला ते मान्य नव्हते. काँग्रेसने आपली वेगळी चौकशी केली, गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून धारवाडच्या प्रकरणाची दखल घेतली, आणि इकडे सरकारने कार्यकर्त्यांवरच खटले भरून त्यांना शिक्षा दिल्या.

कोणत्या पक्षाचे म्हणणे किती खरे, याचा निवाडा आज पुन्हा करण्याचे कारण नाही. मात्र या घटनेतील एक गोष्ट विसरण्यासारखी नाही. गोळी लागून पडलेले तिघे दारू पिण्यासाठी तेथे गेले नव्हते. दारू पिऊ नका, हे सांगण्यासाठी गेले होते. दुकान कायदेशीर होते आणि त्याला विरोध करणारे कायदेभंग करणारे ठरले होते. पुढे तीस वर्षांच्या आतच याच जिल्ह्यात दारू जवळ बाळगणे हा गुन्हा झाला, आणि त्यानंतर वीस वर्षे पुरी होण्यापूर्वी दुकाने पुन्हा उघडली. एकाच गावात एका आयुष्याच्या अवधीत न्याय आणि गुन्हा यांची जागा अशी दोनदा बदलली, ती का आणि कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

निषेधाची जुनी परंपरा

नशेविषयी समाजाचे मत सर्वकाळ एकच होते, ही समजूत खरी नाही. वेदकाळी सोमरसाला देवत्व होते, सुरेला नव्हते. स्मृतींनी सुरापानाची गणना महापातकांत केली, तरी त्या दंडकाचा भार सर्व वर्णांवर सारखा ठेवला नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शुक्राचार्यांची कथा मराठी वाचकाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९१३ सालच्या ‘विद्याहरण’ नाटकामुळे विशेष परिचयाची आहे. आपल्या शिष्याची राख मदिरेतून आपल्याच पोटात गेली, हे कळल्यावर त्या आचार्याने मद्यपानाला शाप दिला. पहिला निषेध करणारा पुरुष हा स्वतः चुकलेला मद्यपी होता, हा त्या कथेचा मर्मभाग होय. पुढील काळातील निषेधकांना या आठवणीचा सहसा विसर पडला.

भांग आणि गांजा यांची गोष्ट आणखी निराळी. आयुर्वेदाने भांगेला ‘विजया’ हे गौरवाचे नाव दिले. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात भांग आणि अफू या दोहोंची चर्चा केली आहे. महाशिवरात्रीची भांग शिष्टसंमत, बैराग्याची चिलीम सहन करण्याजोगी, आणि तीच चिलीम गावातल्या तरुणाच्या हाती दिसली तर तो ‘गंजेकस’, असा लोकव्यवहार होता. ‘भांगेत तुळस’ या वाक्प्रचारात भांगेची जी पायरी दिसते, तीही लोकमताचीच साक्ष आहे. उत्तर कर्नाटकातील अवधूत आणि आरूढ परंपरांच्या काही स्थानांत गांजाला प्रसादाचे स्थान आहे. यादगीर जिल्ह्यातील तिंथणीच्या मौनेश्वराच्या जत्रेत तो भाविकांना प्रसाद म्हणून दिला जातो, याविषयी २०२० मध्ये वृत्तपत्रांनी विस्ताराने लिहिले होते. तात्पर्य, पदार्थ एकच असला तरी तो कोण घेतो, कोठे घेतो आणि कोणत्या निमित्ताने घेतो, यावर समाज त्याचे पाप किंवा पुण्य ठरवीत आला आहे.

पेशवाईत मद्यावर कडक निर्बंध होते. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांचे विवेचन करताना या निर्बंधांची नोंद घेतली आहे. त्याचबरोबर तोफखान्यातील ख्रिस्ती गोलंदाजांना त्यातून सूट होती, हेही सांगितले आहे. ज्यांच्यावाचून राज्याचे चालत नाही त्यांच्यासाठी निषेधात फट ठेवायची, ही रीत तेव्हापासूनची आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९१ मध्ये धारवाडचा किल्ला घेतल्यानंतर हा मुलूख पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १८१८ च्या आसपास तो इंग्रजांच्या हाती गेला. तेथून नशेकडे पाहण्याची सरकारी दृष्टी पालटली. निषेधाच्या जागी महसूल आला.

अबकारीचे राज्य

‘अबकारी’ हा शब्दही फारसीच. त्यातील ‘आब’ म्हणजे पाणी. या पाण्यावर केवढे मोठे सरकारी उत्पन्न उभे राहिले, हे मुंबई इलाख्याच्या जमाखर्चावरून दिसून येते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे, शिंदी-माडी काढणे, विकणे, तसेच गांजा आणि भांग यांचा व्यापार करणे, हे सारे सरकारी परवान्याखाली आणले. त्याच वर्षी अफूचा अखिल भारतीय कायदाही झाला. यापूर्वी झाडाची शिंदी काढणारा आणि मोहाची दारू गाळणारा माणूस आपल्या गावापुरता कारागीर होता. आता त्याच्या झाडावर कर बसला, त्याची भट्टी बेकायदा ठरली आणि विक्रीचा मक्ता लिलावात सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्याकडे गेला. मक्तेदाराला बोलीची रक्कम भरून काढायची, तर खप वाढविणे भाग. आणि सरकारचे जाहीर धोरण मात्र कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल मिळविण्याचे. ही दोन चाके एका गाडीला जुंपली, तर गाडी कोणत्या बाजूला झुकणार हे सांगावयास नको.

या व्यवस्थेवर महाराष्ट्रात पहिला ठळक आक्षेप महात्मा जोतीराव फुले यांनी घेतला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्याविरुद्ध लेखी तक्रार केली. गरीब कष्टकऱ्याच्या घरादाराची होणारी धूळधाण हा त्यांच्या म्हणण्याचा आधार होता. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झाले, तेव्हा त्यात राजकीय धार आली. परकी सरकार आपल्या लोकांना दारू पाजून पैसा मिळविते, ही जाणीव त्या धारेच्या मुळाशी होती. कष्टकऱ्याविषयीची कणव आणि सरकारविषयीचा संताप या दोन वेगळ्या प्रेरणा. धारवाडच्या दुकानापुढे १९२१ मध्ये त्या दोन्ही एकत्र आल्या होत्या.

वेड्यांच्या इस्पितळातील आकडे

गांजाच्या बाबतीत एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्याचा धागा धारवाडपर्यंत येतो. इंग्लंडमधील मद्यपाननिषेधाच्या चळवळीचे एक पुढारी आणि पार्लमेंटचे सभासद डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये गांजाविषयी प्रश्न विचारला. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. सरकारने त्याच वर्षी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचे मंडळ नेमले. त्यांत तीन हिंदी गृहस्थ होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाने देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला.

मंडळाने जे केले ते इतिहासाच्या अभ्यासकाला धडा म्हणून उपयोगी पडेल. १८९२ या एका वर्षात देशातील २४ वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग-चरस असे नोंदलेले होते. मुंबई इलाख्यातील अशा इस्पितळांत धारवाडचेही इस्पितळ होते. आजची धारवाड येथील मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था ही त्याचीच वारसदार होय. सभासदांनी नोंदवहीवर न विसंबता एकेका रुग्णाची माहिती मुळापासून तपासली. तेव्हा दिसून आले ते असे : रस्त्यावर भटकणारा माणूस पोलीस पकडून आणीत. त्याच्या वर्णनपत्रात ‘कारण’ या नावाचा एक रकाना असे. तो रिकामा ठेवता येत नसे. त्या माणसाचे घर, नातेवाईक, पूर्वायुष्य यांपैकी काहीच ठाऊक नसे. मग ‘गांजा’ हा शब्द लिहून रकाना भरला जाई. तो शब्द इस्पितळाच्या वहीत उतरे, वहीतून वार्षिक तक्त्यात जाई, तक्त्यातून इलाख्याच्या अहवालात, आणि अखेरीस तोच पार्लमेंटमध्ये पुरावा म्हणून उभा राही. तपासाअंती २२२ पैकी केवळ ९८ प्रकरणांत गांजाचा संबंध मानता येतो, आणि त्यांतही ३७ ठिकाणी अन्य कारणे मिसळलेली आहेत, असा निष्कर्ष निघाला.

अहवालाचा एकंदर अभिप्राय असा की, मर्यादित सेवनापासून सहसा अपाय होत नाही, अतिरेक मात्र निश्चितपणे हानिकारक आहे. सरसकट बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. बंदी घातल्यास लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील आणि धार्मिक रूढींत ढवळाढवळ झाल्याचा असंतोष वाढेल, अशी भीती मंडळाने व्यक्त केली. लागवडीवर नियंत्रण, परवाने आणि कर हा मार्ग त्याने सुचविला. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होत असे. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोघांनी आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदविली, हेही ध्यानात ठेवावे. गांजा वाईट की बरा, हा वाद गोरे विरुद्ध काळे असा सरळ कधीच नव्हता.

याच सुमारास लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयी रॉयल कमिशन बसले आणि १८९५ मध्ये त्यानेही बंदीविरुद्धच कौल दिला. त्या कौलावर मात्र महसुलाची छाया अधिक दाट होती. चीनला जाणारी अफू हे हिंदुस्थान सरकारचे एक मोठे उत्पन्न होते आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे. इकडे मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवीत. त्या गोळीत व्यसन किती आणि लाचारी किती, हा प्रश्न कोणत्याही कमिशनच्या रकान्यात मावणारा नव्हता.

रंगभूमीवरचा प्याला

१९१९ च्या फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. नाटककाराचे निधन त्यापूर्वी महिनाभर आधी झाले होते. हुबळी-धारवाड हा मराठी नाटक मंडळ्यांचा हक्काचा मुलूख. कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी, मराठी रंगभूमी आपल्या गाण्याने गाजविली होती. कानडी मायबोलीचा प्रेक्षकही मराठी नाटकाला गर्दी करी. अशा प्रेक्षकवर्गावर सुधाकर आणि सिंधू यांच्या शोकान्तिकेचा परिणाम कोणत्याही सरकारी पत्रकाहून खोल झाला असणार, यात शंका नाही.

या नाटकाने मराठी समाजाच्या दृष्टीत दोन गोष्टी घडविल्या. पहिली अशी की, दारूचा बळी हा बुद्धिमान, सुशिक्षित, पांढरपेशा पुरुषही असू शकतो, हे त्याने रंगमंचावर दाखविले. व्यसन म्हणजे खालच्या थरातील लोकांचा दोष, ही सोयीची समजूत त्यामुळे हादरली. दुसरी गोष्ट म्हणजे पिणाऱ्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याहून अधिक, न पिणाऱ्या माणसाचे दुःख त्याने पुढे आणले. सिंधूच्या हातातील जाते हा नशेच्या विरोधातील मराठी मनाचा पुरावा ठरला. तळीराम आणि त्याचे मंडळ हसवीत राहिले, तरी घरी जाताना प्रेक्षक सिंधूलाच बरोबर नेत असे. धारवाडच्या दुकानापुढे स्वयंसेवक उभे राहिले, ते या नाटकानंतर दोन-अडीच वर्षांनी. त्यांनी नाटक पाहिले असेल वा नसेल. परंतु त्यांना दिसणारे दुकान आणि नाटकातील प्याला यांचा काळ एकच होता.

१९१९ च्या राजकीय सुधारणांनंतर प्रांतांचा कारभार लोकनियुक्त मंत्र्यांकडे थोडाफार आला, पण शाळांचा खर्च भागविण्यासाठी अबकारीच्या उत्पन्नाकडे पाहावे लागे. मुलांचे शिक्षण बापाच्या दारूवर चालते, ही टोचणी गांधीजींनी पुढे वारंवार बोलून दाखविली. १९३० च्या कायदेभंगात कर्नाटकात शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला. एका बाजूस तो परकी महसुलाच्या मुळावर घातलेला घाव होता. दुसऱ्या बाजूस शिंदी काढून पोट भरणाऱ्याचे झाडच त्यात गेले. निषेधाच्या चळवळीने या दुसऱ्या बाजूचा हिशेब नीट मांडला, असे म्हणता येत नाही.

निषेधाचे राज्य

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आले. डॉ. गिल्डर हे अबकारी आणि आरोग्य या दोन्ही खात्यांचे मंत्री. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. महायुद्ध, मंत्रिमंडळाचा राजीनामा आणि न्यायालयातील पराभव यांमुळे तो प्रयोग टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई नशाबंदी कायदा, १९४९ संमत झाला आणि टप्प्याटप्प्याने चाललेल्या कामाची परिणती ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी होण्यात झाली. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. त्याच वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक मादक द्रव्ये यांची बंदी हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले होते. १९२१ च्या स्वयंसेवकांचे मागणे अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात दाखल झाले.

या कायद्याने दारूबरोबर गांजा, भांग आणि अफू यांनाही आपल्या कक्षेत घेतले. देशभर गांजाबंदी झाली १९८५ मध्ये, ही सर्वसाधारण समजूत धारवाडला म्हणूनच लागू पडत नाही. परंतु या कायद्यातही जुन्या फटी नव्या रूपात राहिल्या. परदेशी नागरिकांना परवाना, लष्कराच्या भोजनगृहांना सूट, प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय दाखला मिळविणाऱ्याला परवाना. फ्रा. नु. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने कायद्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांवरील काही निर्बंध रद्द केले, कायद्याचा बहुतेक भाग मात्र कायम ठेवला. पेशव्यांच्या गोलंदाजांची सूट आणि प्रजासत्ताकातील परवाने यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे, तत्त्वात अंतर फारसे नाही.

ज्याला दाखला मिळविता येत नव्हता त्याच्यासाठी हातभट्टी होती. अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात हाच अनुभव घेतला होता. बंदी येताच मागणी नाहीशी होत नाही, ती अंधारात जाते आणि अंधारातील माल तपासणारा कोणी नसतो. गोव्याची सीमा हुबळी-धारवाडपासून दूर नव्हती आणि पोर्तुगीज अंमलात तेथे मद्यावर बंदी नव्हती. तरीही नशाबंदीचा काळ निव्वळ अपयशाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या वाटेत उघडे दुकान नसणे, याचा अर्थ पुस्तकातील अपयशाच्या आकड्यांहून गृहिणीला अधिक ठाऊक होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेथेही १९६१ चा नशाबंदी कायदा झाला. परंतु १९६५ च्या अबकारी कायद्याने वारे फिरविले आणि साठीचे दशक संपण्यापूर्वी निषेधाच्या जागी परवाने आणि लिलाव परत आले. १९८१ मध्ये बंगळूरला विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. २००७ मध्ये कर्नाटक सरकारने ‘साराई’ या गरिबांच्या स्वस्त दारूवर बंदी घातली. बंदी अमलात आल्याचा दिवस होता १ जुलै. धारवाडच्या गोळीबाराला त्या दिवशी बरोबर शहाऐंशी वर्षे होत होती. हा योगायोग फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. बंदी फक्त साराईवर होती. विदेशी बनावटीची म्हणून ओळखली जाणारी, अधिक किमतीची दारू दुकानांत राहिली आणि तिचा महसूलही राहिला.

तुरुंग की इस्पितळ

याच काळात गांजा आणि अफू यांचे भवितव्य धारवाडात किंवा मुंबईत नव्हे, तर परदेशांतील परिषदांत ठरत होते. १९१२ चा हेगचा अफू-करार, १९२५ ची जिनिव्हा परिषद आणि १९६१ चा एकत्रित आंतरराष्ट्रीय करार हे त्यातील टप्पे होत. १९६१ च्या कराराने गांजाचे अवैद्यकीय सेवन पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत भारतासारख्या देशांना दिली. तोंडाने अफू घेण्याची प्रथा भारताने १ एप्रिल १९५९ पासूनच वैद्यकीय कारणापुरती मर्यादित केली होती. अखेर ‘अंमली औषधे आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. निव्वळ पाने त्या व्याख्येत आली नाहीत, म्हणून भांग बाहेर राहिली. हेम्प कमिशनने ज्या वनस्पतीविषयी सात सभासदांकरवी वर्षभर विचार केला, तिच्या राळेबाबत, म्हणजे चरसाबाबत, आता किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची भाषा आली. २००१ च्या दुरुस्तीने मालाच्या प्रमाणानुसार शिक्षा कमीअधिक केल्या. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोपासून पुढचे व्यापारी मानले जाते.

कायद्याच्या या कडकपणामागे भय होते, आणि ते निराधार नव्हते. ऐंशीच्या दशकात मुंबईत ‘गर्द’ आली. तिने घरेच्या घरे पोखरली. अनिल अवचटांनी त्याच नावाने पुस्तक लिहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, डॉ. अनिता अवचट त्याच्या प्राण होत्या आणि पु. ल. देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. व्यसनी माणूस हा पापी नव्हे, गुन्हेगार नव्हे, तर आजारी माणूस आहे आणि तो बरा होऊ शकतो, हा विचार मराठी समाजात त्या केंद्राने रुजविला. १९८५ च्या कायद्यातही उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून सवलत देणारे कलम पुढे आले. परंतु कलम आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर राहिले.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस घेतात. दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. जग मात्र बदलत आहे. पोर्तुगालने २००१ मध्ये वैयक्तिक सेवनाला गुन्ह्याच्या यादीतून काढले; युरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये गांजाची विक्री कायदेशीर केली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताचे मत वगळण्याच्या बाजूने पडले. त्या दिवशी हेम्प कमिशनच्या अहवालास एकशे सव्वीस वर्षे झाली होती.

या साऱ्या इतिहासातून ‘बंदी हवी’ किंवा ‘बंदी नको’ असे एका शब्दाचे उत्तर निघत नाही. काही गोष्टी मात्र स्पष्ट होतात. समाजाने ज्याचा निषेध केला तो पदार्थ बहुधा गरिबाच्या हातातील होता. श्रीमंताच्या हातातील पदार्थाला परवाना मिळाला. सरकारने मद्याची विक्री केली तेव्हा महसूल मोजला आणि बंदी केली तेव्हा खटले मोजले. बरे झालेले लोक मोजण्याची सवय त्याला क्वचितच लागली. आणि वेड्यांच्या इस्पितळातील तो रिकामा रकाना अजूनही शिल्लक आहे. गुन्ह्याचे, दारिद्र्याचे, घरातील भांडणाचे कारण विचारले की आजही तेथे एक सोपा शब्द लिहिला जातो.

शंभर वर्षे जुन्या ग्रंथालयात या प्रश्नाची दोन्ही दफ्तरे एकाच छपराखाली सापडतात : एका कपाटात ‘एकच प्याला’, दुसऱ्यात जिल्ह्याचे गॅझेटियर. सिंधूचे अश्रू पहिल्यात आहेत, शिंदीच्या झाडांची आणि अबकारीच्या उत्पन्नाची गणती दुसऱ्यात. कायदे करणाऱ्यांनी बहुतेक वेळा यांपैकी एकच कपाट उघडले. १ जुलै १९२१ रोजी दुकानाच्या दारापुढे उभ्या राहिलेल्या माणसांपाशी यांतले एकही पुस्तक नव्हते. आत जाणाऱ्याला त्यांनी हात जोडले होते. त्याला त्यांनी शिक्षा मागितली नव्हती. त्यांच्यानंतर आलेल्या कायद्यांनी त्यांचा निषेध उचलला, पण ते जोडलेले हात मात्र तेथेच राहून गेले.